वाचकांचे प्रश्न : काढून टाकलेला पॉड परत का येतो?

या वेळच्या टपालात क्युबरनेटीसविषयीची, म्हणजे कंटेनरमध्ये बांधलेले प्रोग्रॅम अनेक यंत्रांवर चालवणाऱ्या प्रणालीविषयीची, पत्रे बरीच आहेत आणि त्यांतली बहुतेक एकाच कामाभोवती फिरतात, ते म्हणजे टर्मिनलवरून कमांड देऊन क्लस्टरमधली (त्या यंत्रांच्या समूहातली) एखादी गोष्ट काढून टाकणे. म्हणून आजचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. क्युबसीटीएल हे क्लस्टरला आज्ञा देण्याचे साधन, आणि पॉड म्हणजे एकत्र चालणाऱ्या एक किंवा अधिक कंटेनरचा गट. कमांड आणि फ्लॅग (कमांडला जोडायचे पर्याय) येथे देवनागरीत छापले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे आहेत.

प्रश्न : ‘क्युबसीटीएल डिलीट पॉड’ ही कमांड देऊन मी एक बिघडलेला पॉड काढला. ‘डिलीटेड’ असे उत्तरही आले. पण पुन्हा यादी मागितली तर तो तिथेच! असे तीनदा झाले. माझे काय चुकते आहे?

कमांडने आपले काम चोख केले आहे. तो पॉड खरोखरच गेला. नंतर दिसतो आहे तो दुसरा आहे. दोन्ही वेळच्या नावांची शेपटी ताडून पाहा. डिप्लॉयमेंटने उभ्या केलेल्या पॉडच्या नावात आधी डिप्लॉयमेंटचे नाव येते, मग रेप्लिकासेटचा (डिप्लॉयमेंटच्या वतीने पॉडची संख्या राखणाऱ्या वस्तूचा) सांकेतिक तुकडा येतो आणि शेवटी पाच अक्षरांचा यादृच्छिक तुकडा असतो. पहिले दोन तुकडे तेच राहून शेवटची पाच अक्षरे बदलली असतील आणि ‘एज’च्या रकान्यात काही सेकंदच दिसत असतील, तर तो नवा पॉड आहे याबद्दल शंका उरत नाही.

हे असे का होते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढच्या जवळपास सगळ्या प्रश्नांची मुळे इथेच आहेत. डिप्लॉयमेंट लिहिताना आपण ‘अशा प्रकारचे तीन पॉड असावेत’ अशी इच्छा क्लस्टरकडे नोंदवून ठेवतो. कंट्रोलर त्या नोंदीवर आणि प्रत्यक्ष परिस्थितीवर अखंड नजर ठेवून असतो आणि तिनाचे दोन झाले की तिसरा उभा करतो. दोन का झाले, म्हणजे नोड (क्लस्टरमधले एक यंत्र) बंद पडला, प्रोग्रॅम कोसळला की आपण स्वतः हाताने पॉड काढला, याची चौकशी तो करत नाही. ग्रीक भाषेतल्या ज्या शब्दावरून क्युबरनेटीस हे नाव आले, त्याचा अर्थ सुकाणू धरणारा असा आहे. लाटेने नाव कुठेही वळवली तरी सुकाणूवरचा माणूस ती ठरलेल्या दिशेला आणतो, तसेच हे. आपण पॉड काढला तेव्हा कंट्रोलरच्या दृष्टीने ती एक लाट होती. दिशा आपण बदललीच नव्हती.

म्हणून काढण्याच्या आधी मालक शोधावा. ‘क्युबसीटीएल डिस्क्राइब पॉड’ आणि पुढे पॉडचे नाव दिले की येणाऱ्या लांबलचक मजकुरात ‘कंट्रोल्ड बाय’ अशी एक ओळ असते. तिथे रेप्लिकासेटचे नाव असेल तर त्या रेप्लिकासेटचेही असेच वर्णन मागवावे, म्हणजे वरची डिप्लॉयमेंट सापडते. काम कायमचे बंद करायचे असेल तर ‘क्युबसीटीएल डिलीट डिप्लॉयमेंट’ देऊन डिप्लॉयमेंटच काढावी. रेप्लिकासेट आणि पॉड तिच्या पाठोपाठ आपोआप जातात. तात्पुरते थांबवायचे असेल तर ‘क्युबसीटीएल स्केल’ने संख्या शून्यावर आणावी, म्हणजे नोंद राहते आणि पॉड जातात. ओळीत डीमनसेट (प्रत्येक नोडवर एक पॉड ठेवणारा), स्टेटफुलसेट (ठरलेल्या नावांचे पॉड सांभाळणारा) किंवा जॉब (एकदा करून संपणारे काम) असे नाव असेल तरी मालकालाच हात घालायचा, हा न्याय तोच.

डिप्लॉयमेंट काढली आणि तीही परत आली, असेही घडते. मग तिच्याही वर कोणीतरी आहे असे समजावे. एखादा ऑपरेटर (क्लस्टरमध्ये राहून एखाद्या ॲपची देखभाल करणारा प्रोग्रॅम) असेल, किंवा गिटमधल्या फायली वाचून क्लस्टर त्यांच्याशी जुळवून ठेवणारे साधन असेल. अशा वेळी टर्मिनलवरून भांडत बसण्यात अर्थ नाही. बदल त्या मूळ फायलीत करायचा. हेल्म या ॲप बसवण्याच्या साधनाने बसवलेले ॲप ‘हेल्म अनइन्स्टॉल’नेच काढावे, नाहीतर हेल्मच्या दप्तरी एक आणि क्लस्टरमध्ये दुसरे अशी अवस्था होते. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. काही पॉड थेट नोडवरच्या फायलीतून चालतात, त्यांना स्टॅटिक पॉड म्हणतात. क्युबसीटीएलला दिसते ते त्यांचे प्रतिबिंब. ते कितीदाही पुसले तरी नोडवरची मॅनिफेस्ट फाइल (पॉडचे वर्णन असलेली फाइल) हलवल्याशिवाय पॉड थांबत नाही.

प्रश्न : लेबल (वस्तूंवर लावलेली चिठ्ठी) देऊन एकाच वेळी अनेक वस्तू काढायच्या आहेत. भलतेच काही जाऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी? ‘क्युबसीटीएल डिलीट ऑल --ऑल’ सुरक्षित आहे का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. त्या कमांडचे नाव फसवे आहे. पहिला ‘ऑल’ हा काही ठरावीक प्रकारांचा गट आहे. त्यात पॉड, सर्व्हिस (पॉडकडे विनंत्या वळवणारी वस्तू), डिप्लॉयमेंट, रेप्लिकासेट, स्टेटफुलसेट, डीमनसेट, जॉब अशा गोष्टी येतात. कॉन्फिगमॅप, सीक्रेट, इन्ग्रेस, पीव्हीसी (साठवणुकीच्या जागेची मागणी), रोल या येत नाहीत. म्हणजे सगळे साफ झाले असे वाटते, पण पासवर्ड असलेली सीक्रेट्स मागे राहतात. आणि जे जाते ते न विचारता जाते. मी ती कमांड वापरत नाही आणि कोणाला सुचवतही नाही.

आता काळजी कोणती घ्यायची ते पाहू. काही वर्षांपूर्वी माझ्या हातून झालेली चूक इथे सांगणे उपयोगी ठरेल. मी दोन टर्मिनल शेजारीशेजारी उघडले होते, एक चाचणीच्या क्लस्टरसाठी आणि दुसरे प्रॉडक्शनच्या क्लस्टरसाठी. चाचणीच्या खिडकीत लेबल देऊन दोन डिप्लॉयमेंट काढायच्या होत्या. मी एंटर दाबले आणि एकाखाली एक ओळी उमटू लागल्या. दोन ओळींनी थांबायला हवे होते. तिसरी आली, चौथीही आली. खिडकी बरोबर होती, पण दरम्यान दुसऱ्या खिडकीत मी कॉन्टेक्स्ट (कोणत्या क्लस्टरशी बोलायचे ती निवड) बदलला होता, आणि दोन्ही खिडक्या एकच कॉन्फिग फाइल वाचत असल्यामुळे तो बदल इथेही लागू झाला होता. घाबरून कंट्रोल-सी दाबले. त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण विनंत्या तोवर सर्व्हरकडे पोहोचल्या होत्या. वस्तू पूर्ण जाईपर्यंत क्युबसीटीएल स्क्रीनवर थांबून राहते. कंट्रोल-सीने फक्त ते थांबणे बंद होते, काढण्याचे काम पुढे चालूच राहते. मॅनिफेस्ट फायली जपून ठेवलेल्या होत्या म्हणून सेवा पुन्हा उभी करता आली.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी ‘क्युबसीटीएल कॉन्फिग करंट-कॉन्टेक्स्ट’ देऊन आपण कोणत्या क्लस्टरसमोर उभे आहोत ते वाचायचे. मग तेच लेबल आणि तीच नेमस्पेस (क्लस्टरमधला वस्तूंचा वेगळा कप्पा) देऊन ‘डिलीट’च्या जागी ‘गेट’ लिहून यादी मागवायची आणि ओळी मोजायच्या. यादी मनासारखी असेल तरच तीच कमांड वर घेऊन ‘गेट’ पुसायचे आणि ‘डिलीट’ लिहायचे. नेमस्पेस आणि कॉन्टेक्स्ट कमांडमध्येच लिहून टाकले तर आणखी उत्तम, कारण मग कोणती खिडकी कुठे वळली आहे यावर काही अवलंबून राहत नाही.

‘--ड्राय-रन=सर्व्हर’ हा फ्लॅगही चांगला. त्यात विनंती सर्व्हरपर्यंत जाते, परवानग्या तपासल्या जातात आणि प्रत्यक्षात काहीच पुसले जात नाही. मात्र त्याची मर्यादा ओळखून असावे. ज्या वस्तूचे नाव आपण दिले तेवढीच तो दाखवतो. तिच्या पाठोपाठ काय काय जाईल ते दाखवत नाही. नेमस्पेस काढण्याची रंगीत तालीम केली तर उत्तरात एकच ओळ येते, आणि प्रत्यक्षात तिच्या पोटातले सगळे जाणार असते. कस्टम रिसोर्स डेफिनिशनचेही (क्लस्टरला वस्तूंचा नवा प्रकार शिकवणाऱ्या व्याख्येचेही) तसेच आहे. ती एक काढली की त्या प्रकारच्या सगळ्या वस्तू सर्व नेमस्पेसमधून जातात.

क्युबसीटीएलच्या १.२७ या आवृत्तीपासून ‘--इंटरॲक्टिव्ह’ हा फ्लॅग आला आहे. तो दिला की काय काय काढले जाणार याची यादी दाखवून होय की नाही असे विचारले जाते. एरवी डिलीट कमांड काहीही विचारत नाही, हे नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

प्रश्न : पॉड ‘टर्मिनेटिंग’ अवस्थेत तासन्‌तास अडकून आहे, आणि एक नेमस्पेस तर दोन दिवसांपासून तशीच आहे. ‘--फोर्स --ग्रेस-पीरियड=०’ वापरू का?

लगेच नको. आधी काय अडले आहे ते पाहू, कारण पॉड आणि नेमस्पेस यांची कारणे वेगळी असतात.

डिलीट ही मुळात विनंती आहे. ती पोहोचली की पॉडच्या नोंदीवर काढण्याची वेळ लिहिली जाते आणि यादीत ‘टर्मिनेटिंग’ दिसू लागते. सर्व्हिसच्या यादीतून त्या पॉडचा पत्ता काढण्याचे काम सुरू होते आणि त्याच सुमारास नोडवरचा क्युबलेट हा कारभारी प्रोग्रॅम कंटेनरमधल्या मुख्य प्रोसेसला सिगटर्म हा ‘आवरून थांब’ असा संकेत पाठवतो. प्रीस्टॉप हुक (थांबण्याआधी करायची कृती) लिहिलेला असेल तर तो त्याआधी चालतो. या सगळ्याला मिळून मुळात ३० सेकंदांची मुदत असते. तेवढ्यात प्रोसेस आवरली नाही तर सिगकिलने ती संपवली जाते.

पुष्कळ ठिकाणी प्रत्येक पॉड जायला नेमके ३० सेकंद लागतात आणि लोक क्लस्टर संथ आहे म्हणून कुरकुरतात. तिथे बहुधा कंटेनरची पहिली प्रोसेस एखादी शेल स्क्रिप्ट असते, जी सिगटर्म खऱ्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवतच नाही. प्रोग्रॅमला काही कळत नाही, तो आपले काम करत राहतो आणि मुदत संपली की मारला जातो. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रॅम ‘एक्झेक’ने सुरू केला की हा त्रास बहुतेक वेळा जातो. मला हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण अर्धवट लिहिलेल्या फायली आणि तुटलेले व्यवहार यांचा उगम पुष्कळदा याच ओळीत सापडतो.

तासन्‌तास अडकणे ही मात्र निराळी बाब आहे. ‘क्युबसीटीएल गेट पॉड -ओ वाइड’ देऊन पॉड कोणत्या नोडवर आहे ते पाहा आणि त्या नोडची अवस्था पाहा. नोड ‘नॉट रेडी’ असेल तर पॉड थांबल्याची खबर देणारा क्युबलेटच गप्प आहे, आणि ती खबर आल्याशिवाय सर्व्हर नोंद पुसत नाही. इथे ‘--फोर्स’ दिले तर नोंद ताबडतोब पुसली जाते, पण त्या नोडवरची प्रोसेस खरोखर थांबली की नाही हे कोणीही पाहिलेले नसते. साध्या वेब सेवेच्या बाबतीत हे चालून जाईल. स्टेटफुलसेटमधल्या डेटाबेसच्या बाबतीत मात्र हे धोक्याचे आहे. नोंद पुसली गेली की त्याच नावाचा, त्याच ओळखीचा दुसरा पॉड उभा राहतो, जुना संपर्काबाहेर गेलेल्या नोडवर अजून जिवंत असू शकतो, आणि एकाच नावाने दोघे लिहू लागतात. म्हणून तो नोड खरोखर बंद आहे याची स्वतः खात्री करून मगच ‘--फोर्स’ला हात घालावा.

नेमस्पेसकडे वळू. ती अडकली असेल तर ‘क्युबसीटीएल गेट नेमस्पेस’, नाव आणि ‘-ओ यॅमल’ अशी कमांड देऊन शेवटचा ‘स्टेटस’चा भाग वाचा. काय शिल्लक आहे आणि कोणाचा फायनलायझर बाकी आहे ते तिथे सरळ वाक्यात लिहिलेले असते, आणि आश्चर्य वाटावे इतके कमी लोक ते वाचतात. फायनलायझर म्हणजे वस्तूवर लावलेली खूण : ‘मला पुसण्याआधी अमक्याला त्याची आवराआवर करू द्या.’ तो अमका, म्हणजे बहुधा एखादा ऑपरेटर, आपण त्याच नेमस्पेसबरोबर आधीच काढून टाकलेला असतो. खूण उतरवणाराच उरला नाही, तर वस्तू जाणार कशी? उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. ऑपरेटर पुन्हा बसवावा, त्याला आवरू द्यावे, मग त्याच्या वस्तू, त्यानंतर ऑपरेटर आणि शेवटी कस्टम रिसोर्स डेफिनिशन या क्रमाने काढावे. स्टेटसमध्ये ‘डिस्कव्हरी’ फसल्याची तक्रार असेल तर ‘क्युबसीटीएल गेट एपीआयसर्व्हिस’ देऊन ‘फॉल्स’ कुठे दिसते ते शोधा. बंद पडलेली मेट्रिक्सची सेवाही नेमस्पेसची वाट अडवू शकते.

फायनलायझरची यादी हाताने रिकामी करण्याचा उपाय जागोजागी सांगितलेला आढळतो. नेमस्पेस त्याने जाते खरी, पण तिच्या वस्तूंनी क्लस्टरबाहेर जे निर्माण केले होते, म्हणजे लोड बॅलन्सर, डिस्क, डीएनएसच्या नोंदी, ते तसेच राहते आणि त्याचे बिलही चालू राहते. ज्याची आवराआवर व्हायची होती ते आपण स्वतः हाताने आवरले असेल, तेव्हाच ही खूण काढावी.

प्रश्न : डिप्लॉयमेंट काढायची आहे, पण तिचे पॉड चालू ठेवायचे आहेत. शक्य आहे का?

आहे. डिलीट कमांडला ‘--कॅस्केड=ऑर्फन’ द्यावे. डिप्लॉयमेंट जाते, रेप्लिकासेट आणि पॉड राहतात. रेप्लिकासेट जिवंत असल्यामुळे पॉडची संख्याही तो सांभाळत राहतो, हे विसरू नये. त्याच सिलेक्टरची (पॉड ओळखण्याच्या लेबलांच्या अटीची) डिप्लॉयमेंट पुन्हा तयार केली की ती त्या अनाथ रेप्लिकासेटला आपल्याकडे घेते.

प्रश्न : एक नोड कायमचा काढायचा आहे. ‘क्युबसीटीएल डिलीट नोड’ पुरेसे नाही का?

ती शेवटची पायरी आहे. आधी ‘क्युबसीटीएल ड्रेन’ द्यावे. त्याने नोडवर नवे पॉड येणे बंद होते आणि असलेले पॉड तिथून हलवले जातात. डीमनसेटचे पॉड असतील तर ‘--इग्नोर-डीमनसेट्स’ द्यावे लागते. पॉडने एम्प्टीडिरमध्ये (पॉडबरोबरच जाणाऱ्या तात्पुरत्या जागेत) काही साठवले असेल तर ड्रेन थांबते आणि ‘--डिलीट-एम्प्टीडिर-डेटा’ मागते. हा फ्लॅग देण्यापूर्वी तिथे काय साठवलेले आहे ते पाहावे, कारण ते परत मिळत नाही.

ड्रेनची खरी किंमत पॉड डिस्रप्शन बजेटमध्ये आहे. ‘किमान दोन पॉड चालू असलेच पाहिजेत’ असे बजेट लिहिले असेल तर ड्रेन त्याचा मान राखून थांबते. थेट डिलीट कमांड त्या बजेटकडे पाहतही नाही. म्हणून ड्रेन अडकले की पॉड हाताने काढून वाट मोकळी करण्याचा मोह टाळावा. बजेटने थोपवले आहे याचा अर्थ बहुधा दुसऱ्या नोडवर बदली पॉड अजून तयार झालेला नाही.

प्रश्न : तातडीचा प्रश्न आहे. डेटाबेसची पीव्हीसी चुकून डिलीट केली. ती ‘टर्मिनेटिंग’ दाखवते, पण डेटाबेस अजून चालू आहे. माहिती वाचेल का?

वाचेल, पण डेटाबेसच्या पॉडला हात लावू नका. तो रीस्टार्ट करू नका आणि त्याची डिप्लॉयमेंट किंवा स्टेटफुलसेट शून्यावर आणू नका. पीव्हीसी अजून दिसते आहे ती त्या पॉडमुळेच : वापरात असलेल्या पीव्हीसीवर संरक्षणाचा फायनलायझर असतो, आणि तिला वापरणारा पॉड जाईपर्यंत ती पुसली जात नाही. दिलेली डिलीट विनंती मागे घेता येत नाही, तेव्हा हा उरलेला अवधीच आपल्या हातात आहे.

पहिले काम म्हणजे पीव्हीसीला जोडलेल्या पर्सिस्टंट व्हॉल्यूमचे (पीव्हीचे, म्हणजे प्रत्यक्ष साठवणुकीच्या जागेच्या नोंदीचे) नाव काढा. ते ‘क्युबसीटीएल गेट पीव्हीसी’च्या यादीत ‘व्हॉल्यूम’च्या रकान्यात असते. मग ‘क्युबसीटीएल पॅच पीव्ही’ने त्या व्हॉल्यूमची रीक्लेम पॉलिसी (पीव्हीसी गेल्यावर व्हॉल्यूमचे काय करायचे तो नियम) ‘रिटेन’ करा. आपोआप तयार झालेल्या व्हॉल्यूमची पॉलिसी, स्टोरेज क्लासमध्ये वेगळे काही लिहिले नसेल तर, ‘डिलीट’ असते, आणि तशीच राहिली तर पीव्हीसीच्या पाठोपाठ प्रत्यक्ष डिस्कही पुसली जाते. पॉलिसी खरोखर बदलली आहे हे ‘क्युबसीटीएल गेट पीव्ही’ देऊन डोळ्यांनी पाहा.

दुसरे काम, डेटाबेसचा त्याच्या स्वतःच्या साधनाने बॅकअप घ्या आणि तो क्लस्टरबाहेर ठेवा. पीव्हीसी आणि पीव्ही या दोन्हींची नोंद ‘-ओ यॅमल’ देऊन फायलींत उतरवून घ्या. इतके झाल्यावरच, सोयीची वेळ पाहून, पॉड थांबवा. पीव्हीसी जाईल आणि व्हॉल्यूम ‘रिलीज्ड’ दिसेल. त्या व्हॉल्यूमच्या नोंदीत जुन्या पीव्हीसीचा दावा ‘क्लेमरेफ’ या नावाने शिल्लक असतो. तो काढला की व्हॉल्यूम ‘अव्हेलेबल’ होतो. मग जतन केलेल्या फायलीतून पीव्हीसी पुन्हा तयार करा, तिच्यात व्हॉल्यूमचे नाव स्पष्ट लिहा, आणि फायलीतली जुनी यूआयडी, काढण्याची वेळ आणि स्टेटस या ओळी आधी वगळा. पीव्हीसी ‘बाउंड’ दिसली की डेटाबेस सुरू करा. पॉलिसी मात्र ‘रिटेन’च राहू द्या.